सेर्रालूपाची मास्तरीण

डुकराची आतडी धुण्याचं काम लवियोलांच्या घरात धाकट्या सुनेकडे असे, आणि ओर्तेन्सिया ते दर वर्षी वाईटच करी. अंगणातल्या दगडी कुंडीपाशी ती बसली होती. बाह्या कोपरापर्यंत सरकवलेल्या, हात थंडीनं लालबुंद. पलीकडे चुलाणावर तिची नणंद कार्मोझिना रक्त ढवळत होती. रक्त गोठू द्यायचं नसतं, म्हणून हात थांबवता येत नव्हता. पण तोंडावर कुणाची बंदी नव्हती.

"उलटी कर ती, आतून धू. वह्या तपासायला नाही बसलीस."

"वह्यांपेक्षा आतडी बरी, वन्सं," ओर्तेन्सिया मान वर न करता म्हणाली. "आत काय भरलंय ते निदान आधीच ठाऊक असतं."

कार्मोझिनानं नाक मुरडलं. स्टेशनमास्तरची पोर! गाडी आली तरी शिट्टी, गेली तरी शिट्टी. बापाची तीच सवय हिच्या जिभेत उतरलेली.

कानिओशी हिचं लग्न होऊन नऊ वर्षं झाली होती, आणि त्या नऊ वर्षांत ही बाई सासरी राहिली ती सणावारी आलेल्या पाहुणीइतकी. सरकारनं हिला पहिली शाळा दिली ती एका गोठ्यात; फळा गाईच्या मागच्या भिंतीला टांगलेला. दुसऱ्या गावात दरड कोसळून अर्धी शाळा दरीत गेली. उरलेल्या अर्ध्या शाळेत, कोळसा पाडणाऱ्या एका बाईच्या हातून, हिनं देत्ताला जन्म दिला आणि पंधरवडा उलटायच्या आत पुन्हा पाढे सुरू केले. तिसरं हे सेर्रालूपा. इथून, मोन्तेस्कूरोहून, खेचरावर दीड दिवसाची वाट, वीस-बावीस घरं, ना वीज ना डॉक्टर, आणि हिवाळ्यात दारापर्यंत लांडगे. शहाण्या बाईनं रडून-भेकून बदली मागून घेतली असती. ही दर उन्हाळ्यात अर्ज करायची, तो तिथेच राहू द्या म्हणून.

गाव 'बिचारी मास्तरीण' म्हणायचं. कार्मोझिनाला हसू यायचं. बिचारी? वर डोंगरात पुरुष हिच्यासमोर टोप्या काढतात, भांडणं तोडायला हिला बोलावतात, पोरांची नावं हिच्याकडून ठेवून घेतात. इथे खाली उतरलं की आतडी धुवावी लागतात. राणी व्हायला मिळत असताना मोलकरीण कोण होईल? त्यात त्याग कसला आलाय डोंबलाचा!

पण ह्या खेपेला राणीचं राज्य संपणार होतं, आणि ते फक्त राणीलाच ठाऊक नव्हतं.

तीन दिवसांपूर्वी थोरला भाऊ व्हितांतोनियो स्वयंपाकघरात आला होता. तो कधी स्वयंपाकघरात येत नसे. आई शरद ऋतूत गेली तेव्हापासून घराचा कर्ता तोच, तेलाचा घाणा त्याचा, आणि वसंतात गावचा महापौर होण्याचं त्याच्या मनात होतं. उभ्या-उभ्या तो म्हणाला, "कार्मो, ती आता वर जाणार नाही. जायचंच असेल तर एकटी जाईल. पोरगी इथे राहील. तुझ्याकडे."

"माझ्याकडे कशाला? मला काय हौस आलीय?" कार्मोझिना म्हणाली. आणि त्याच दुपारी तिनं माळ्यावरची लहान गादी खाली काढली, लोकर पिंजून पुन्हा भरली, आणि आपल्या पलंगाशेजारी घातली. कुणी विचारलं तर सांगायला, उंदीर लागले होते, असं कारणही योजून ठेवलं. कुणी विचारलं नाही.

देत्ता सात वर्षांची होती. नाताळपासून ती आत्याच्याच पलंगात झोपायची आणि झोपेत आपले बर्फासारखे पाय आत्याच्या पोटरीला लावायची. कार्मोझिना रोज कुरकुरायची, "पाय आहेत का बेडूक?" आणि रोज पांघरूण त्या पायांवर ओढायची.

*

दुपारी सगळे टेबलाशी बसले. डुक्कर मारलेल्या दिवशी काळीज आणि फुप्फुस मुरवलेल्या मिरच्यांबरोबर परतायचं, हा नेम. त्यात वर्षाची नवी वाइन. व्हितांतोनियो आता आईच्या खुर्चीत बसू लागला होता. उजवीकडे त्याची बायको एर्सिलिया, जिचं डोकं बुधवार-शुक्रवार दुखे आणि पाहुणे आले की रोज दुखे. समोर कानिओ, चौतीस वर्षांचा, मिशी देखणी, भावाच्या घाण्यावर पिंपं मोजणारा. त्याच्या एका बाजूला ओर्तेन्सिया, दुसऱ्या बाजूला देत्ता. कार्मोझिना चूल आणि टेबल यांच्यामध्ये येऊन-जाऊन होती.

"ओर्तेन्सिया," व्हितांतोनियोनं वाइनचा घोट घेऊन सुरुवात केली, "मठातल्या मदर सुपीरिअरशी मी बोललोय. त्यांच्या बालवाडीत जागा आहे. पगार थोडा, पण मान मोठा. तू राजीनामा पाठवून दे."

"का बरं, भावोजी?"

"का? चौकात लोक काय बोलतात माहीत आहे? लवियोलांची सून विजार घालून, खेचरावर दोन्ही बाजूंना पाय टाकून, कोळसेवाल्यांच्या बरोबर रानावनात हिंडते."

"चर्चमध्ये तर मला मान वर करवत नाही," एर्सिलिया म्हणाली. "परवा औषधवाल्याची बायको मुद्दाम विचारत होती, खरंच विजार का हो?"

"खरंच विजार. कानिओची जुनी. त्याची एकही विजार गुडघ्यावर झिजत नाही, मला अगदी नव्यासारखी मिळते."

कानिओ खाली बघून हसला. आपल्यावर बोललं गेलंय हे त्याच्या जरा उशिरा ध्यानात आलं, तेव्हा त्यानं हसणं आवरलं.

"आणि मदर सुपीरिअरला मी ओळखते," ओर्तेन्सिया पुढे म्हणाली. "त्या पोरांना दोनच गोष्टी शिकवतात, नाक पुसायचं आणि गप्प बसायचं. या घराला त्या शिकवणीची काय गरज? दोन्ही इथे सगळ्यांना येतात."

चुलीकडे तोंड होतं म्हणून बरं, नाहीतर कार्मोझिनाचं हसू दिसलं असतं. त्या हसण्याचाच तिला राग आला. ती वळली आणि परातीतलं काळीज ओर्तेन्सियाच्या ताटात जरा आपटूनच वाढलं.

"जिभेला हाड नाही हो तुझ्या," ती म्हणाली. "जेवताना तरी. वर तुझी आरती ओवाळणारे आहेत म्हणून इथल्यांना तुच्छ लेखायचं?"

"तुच्छ? नाही, वन्सं." ओर्तेन्सियानं पावाचा तुकडा रश्शात बुडवला. "पण तुमचं म्हणणं खरं आहे. मला तिथे आवडतं. मी काही संत नाही. तिथे मी सकाळी दार उघडते तेव्हा तीस पोरं माझी वाट बघत असतात. इथे मी दार उघडते तेव्हा सगळे, मी ते बंद कधी करते याची वाट बघतात."

कबुली अशी सरळ हातात आली की पुढे तिचं काय करावं ते कळत नाही. कार्मोझिना पुन्हा चुलीकडे वळली.

तेवढ्यात दारावर थाप पडली.

दारात एक म्हातारा उभा होता. अंगावर मेंढीचं कातडं, खांद्यांवर बर्फ, काखेत फडक्यात बांधलेला चीजचा गोळा. सेर्रालूपाचा खेचरवाला एजिदिओ.

"अरे, तुम्ही?" ओर्तेन्सिया उठली. "परवा यायचं ठरलं होतं ना, एजिदिओकाका?"

"ठरलं व्हतं बाई. पर माझ्या गुडघ्याचं न् आभाळाचं येगळंच ठरलं." त्यानं टोपी काढली, सगळ्यांसमोर नव्हे, तिच्यासमोर. "खिंडीवर आभाळ दुधावानी झालंय. आत्ता निघालो तर अंधाराच्या आत रानातल्या चौकीला पोचू. उद्या निघालो तर मार्चमधी."

व्हितांतोनियो आणि एर्सिलियानं एकमेकांकडे पाहिलं.

"बसा, एजिदिओ," व्हितांतोनियो गोड आवाजात म्हणाला. "इतक्या लांबून आलात. कार्मो, वाढ यांना."

डुक्कर मारल्याच्या दिवशी दारी आलेल्याला उपाशी परत पाठवत नाहीत. कार्मोझिनानं ताट मांडलं. एर्सिलियानं आपली खुर्ची वीतभर सरकवली. म्हाताऱ्याच्या अंगाला धुराचा आणि खेचराचा वास होता. त्याचं तिकडे लक्षच नव्हतं. दोन घास पोटात गेले, एक पेला रिकामा झाला, आणि म्हातारा खुलला.

"तुम्ही नशीबवान मान्सं," तो टेबलावरच्या सगळ्यांना म्हणाला. "अशी सून कुनाला मिळती? नोव्हेंबरातली गोष्ट बाईनं सांगितली असंलच."

"एजिदिओकाका," ओर्तेन्सिया घाईनं म्हणाली, "खेचरं बाहेर गारठतील."

"गारठू द्या, तेवढीच अक्कल येईल. नोव्हेंबरात, बरं का, पूल व्हता तो पुरानं नेला. आमी अलीकडल्या तीरावर. म्या म्हनलं, बाई, चार दिस थांबू. बाई म्हनाल्या, सोमवारी शाळा हाय. म्या म्हनलं, बाई, नदी सोमवार वळखत न्हाई! तर म्हनाल्या, मग आपन वळख करून देऊ." तो खो-खो हसला. "पोरीला खेचराला बांधली, घट्ट. निघालो. मधोमध खेचराचा पाय सुटला. गेलं की आडवं! पोर खाली, खेचर वर. म्या तर येशूला हाक मारायलाबी इसरलो. बाईनं टाकली उडी. दातात चाकू. दोर कापला, पोरीला केसाला धरून वर काढली. खेचर गेलं वाहत. पोरीनं भडाभडा पानी ओकलं न् पहिलं काय बोलली म्हाईत हाय?"

"माझा बूट," देत्ता म्हणाली.

"'माझा बूट!'" म्हाताऱ्यानं मांडीवर थाप मारली. "न् दुसऱ्या दिशी शाळा वेळेवर. बाईनं फळ्यावर लिवलं, 'नदी'. समद्यांकडून धा-धा बार लिवून घेतलं. आता माझ्या नातवाला दुसरं काय येत न्हाई, पर नदी झकास लिवतो."

म्हाताऱ्यानं एकेकाच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग ओर्तेन्सियाकडे पाहिलं, आणि काट्याला टोचलेला तुकडा हळूच ताटात परत ठेवला.

कार्मोझिनाच्या हातातला डाव रश्शात तसाच बुडालेला होता. तिला ते पाणी दिसत होतं, गढूळ, गार. आणि त्यात ते पाय.

"बुडत होती," ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही. "पोर बुडत होती, आणि तू नाताळभर इथे बसून नाताळची गाणी म्हटलीस?"

"हो."

"कुणाला एक शब्द बोलली नाहीस?"

"कुणाला बोलायचं?" ओर्तेन्सियानं नवऱ्याकडे हनुवटी केली. "याला? पहिल्या उन्हाळ्यात एकदा हा वर आला होता. पायाला फोड आले म्हणून चौथ्या दिवशी खाली उतरला. तेव्हापासून खिंड चढलेला नाही."

"बस्स." व्हितांतोनियोनं तळहात टेबलावर ठेवला. त्याला रागावण्याची गरजच उरली नव्हती. म्हाताऱ्यानं कौतुकाच्या भरात त्याचं काम करून दिलं होतं. "तू जा, ओर्तेन्सिया. तुझी नोकरी, तुझा जीव, तुझी खुशी. मी अडवत नाही. पण लवियोलांचं रक्त मी नदीत टाकू देणार नाही. देत्ता इथे राहील."

"ती माझी मुलगी आहे."

"तिचा बाप इथे बसलाय. कायदा बापाला विचारतो, आईला नाही. कानिओ, तू म्हणालास की पोरगी राहील, तर चौकीतले शिपाईसुद्धा तिला खेचरावर चढू देणार नाहीत. बोल."

ओर्तेन्सिया हसली. "याला बोलायला सांगताय?" पण हसता-हसता तिनं कानिओकडे पाहिलं, आणि तिचं हसू जागच्या जागी थिजलं. "कानिओ. माझ्याकडे बघ."

कानिओ पावाच्या गाभ्याच्या लहान-लहान गोळ्या वळत होता.

"तिला नेऊन मी काय केलं, काय नाही, ते मला बोल. शिव्या दे. मी चुकले असेन, मी तिला बांधायला नको होतं, रोज रात्री मला ते दिसतं. पण तू बोल. तुझ्या तोंडानं बोल."

कानिओनं एक गोळी टिचकीनं सरळ रेषेत लावली. "आता... दादा म्हणतोय तसं..."

ओर्तेन्सियाचे हात टेबलावर होते. आतडी धुण्याच्या व्हिनेगरनं फाटलेले, नखांत शाईही आणि रक्तही. तिनं ते खाली मांडीवर घेतले. नऊ वर्षांत ह्या बाईला उत्तर सुचलं नाही असं कार्मोझिनानं पहिल्यांदाच पाहिलं. हा क्षण बघायची तिला केवढी आस होती! आता तो समोर होता, आणि त्याला काही चव नव्हती.

कारण तिच्या कानात ते चार शब्द घुमत होते.

पंचवीस वर्षांपूर्वी ह्याच टेबलाशी बापानं आणि दादानं तिला बसवलं होतं. शेजारच्या गावचा एक खोगीर शिवणारा तिला मागणी घालून गेला होता. हाताला चामड्याचा वास, बोलता-बोलता हसायची खोड. आईचं आजारपण, घर, धाकटा भाऊ, सगळं सांगून झाल्यावर दादानं असाच तळहात टेबलावर ठेवून विचारलं होतं, बोल, तुझं काय म्हणणं? आणि ती म्हणाली होती, दादा म्हणतो तसं. मग आधीपासून वाढवत आणलेल्या त्या धाकट्या भावालाच ती पुढेही वाढवत राहिली. त्याला भरवलं, त्याचे बूट काढले. त्यानं तेलाचं मडकं फोडलं तर मी फोडलं म्हणून सांगितलं. गुरुजींनी विचारलं तरी तीच उत्तर देई. त्याला कधी तोंड उघडायची पाळीच येऊ दिली नाही.

"ठरलं तर," व्हितांतोनियो म्हणाला. "देत्ता, तू आता आत्याजवळ राहायचंस."

"मग तिकडे माझ्या जागेवर कोण बसणार?" देत्तानं विचारलं.

"आणि हिला सांभाळणार कोण?" कार्मोझिनानं विचारलं.

व्हितांतोनियोला प्रश्न कळलाच नाही. "कोण म्हणजे? तू."

"मला कुणी विचारलं?"

"अगं, त्या दिवशी मी तुला..."

"सांगितलंस. विचारलं नाहीस. मी नाही सांभाळणार."

व्हितांतोनियोनं टेबलावरचा तळहात उचलला.

"कार्मो, वेड लागलं का तुला?"

"लागलं असेल. मी ह्या घरात एक पोर वाढवून बसलेय, दादा. बारा वर्षांची होते तेव्हापासून. त्याला न्हाऊ घातलं, जेवू घातलं, त्याच्या वाटचं भांडले, त्याच्या वाटचं रडले. आता बघ काय निपजलं ते." तिनं डावानं कानिओकडे बोट दाखवल्यासारखं केलं, रश्शाचा थेंब त्याच्या पांढऱ्या बाहीवर पडला. "चौतीस वर्षांचं झालं, अजून पावाच्या गोळ्या वळतंय. त्याची बायको घर सोडून चाललीय की पोर चाललीय, त्याला पत्ता नाही. असलं आणखी एक वाढवायची माझी ताकद नाही. ज्याला हौस असेल त्यानं वाढवावं."

"ताई!" कानिओ म्हणाला. त्या दिवसातला त्याचा हा पहिला मोठ्यानं उच्चारलेला शब्द.

"हां, आत्ता वाचा फुटली."

व्हितांतोनियोनं बायकोकडे पाहिलं. एर्सिलियाचा हात आधीच कपाळावर गेला होता. "माझ्याकडे बघू नका हं. माझी डोकेदुखी तुम्हाला ठाऊक आहे. त्यात लहान मूल म्हणजे..."

"मग मठात ठेवू," व्हितांतोनियो गरजला. "सिस्टर्सच्या वसतिगृहात!"

"ठेव की," कार्मोझिना म्हणाली. "आणि चौकात सांग, बाप जिवंत, आई जिवंत, काका तेलात लोळतोय, आणि लवियोलांची पोर अनाथ मुलींच्या पंगतीला बसलीय. निवडणुकीला फार शोभेल. औषधवाल्याच्या बायकोला तर विजारीपेक्षाही जास्त आवडेल."

व्हितांतोनियो मूर्ख नव्हता. हिशेब कुठे जाऊन पोचतो ते त्याला इतरांच्या आधी दिसे, आणि आत्ताही ते दिसलंच. त्यानं पेला रिकामा केला, उठला, आणि घाण्यावर काम आहे असं कुणाकडेही न बघता सांगून बाहेर पडला. एर्सिलिया त्याच्यामागे. जाताना म्हाताऱ्याच्या चीजच्या गोळ्याला तिची शाल घासली, ती तिनं उंबऱ्यात झटकली.

देत्ता खुर्चीवरून उतरून आत्याजवळ येऊन उभी राहिली होती.

"आत्या, मी तुला नको आहे?"

कार्मोझिना खाली वाकली नाही. वाकली असती तर पुढचं काही जमलं नसतं.

"तुझे पाय फार गार असतात," ती म्हणाली.

"मी मोजे घालीन."

"घाल. वर जाऊन घाल."

*

तासाभरात खेचरांवर सामान चढलं. एजिदिओ एरवीचा बडबड्या, आता खोगिराचे पट्टे आवळताना एक अक्षर बोलला नाही. आपल्या तोंडानं काय घात होता-होता राहिला, हे त्याला कळलं होतं. देत्ताला त्यानं आपल्यापुढे बसवलं आणि कातड्यात गुंडाळलं. बांधलं नाही.

ओर्तेन्सिया विजार घालून स्वयंपाकघरात आली. कार्मोझिना मोठ्या परातीत बारीक कापलेलं मांस, मीठ आणि मिरचीपूड एकत्र करत होती. धुवून ठेवलेली आतडी तिनं पाण्यात परत टाकली होती, कारण ती अर्थातच नीट धुतलेली नव्हती.

"वन्सं..."

"गोड बोलू नकोस. तुला शोभत नाही. तुझ्यासाठी नाही केलं मी."

"ठाऊक आहे."

"परत पोरीला खेचराला बांधून नदीत घातलीस, तर मी स्वतः वर येईन आणि तुलाच बांधीन."

"या ना," ओर्तेन्सिया म्हणाली. तिचा आवाज पूर्वीसारखा झाला होता, पण डोळे झाले नव्हते. "धमकी देऊ नका, याच. वर यायला तुम्हाला अडवतंय कोण?"

"आणि हे डुक्कर कोण संपवणार?"

"डुक्कर दर वर्षी असतं, वन्सं."

कार्मोझिनानं मिठाची आणखी एक मूठ परातीत टाकली, जी टाकायला नको होती. वर पाहिलं तेव्हा दारात कुणी नव्हतं. अंगणातून टापांचा आवाज आला, मग चढणीवरून आला, मग बर्फानं तो गिळला.

कानिओ खिडकीपाशी उभा होता. एकाएकी त्यानं टोपी घेतली, मोठा कोट चढवला आणि काही न बोलता बाहेर धावला. कार्मोझिनाचे हात थांबले. ती खिडकीशी गेली. तो चढणीला लागलेला तिला दिसला, मान पुढे, कोटाची टोकं वाऱ्यावर. तो कोपऱ्यावरून वळेपर्यंत ती बघत राहिली. मग तिनं परात पुढे ओढली आणि मांस इतक्या जोरानं मळायला घेतलं की टेबल हललं. जा, ती मनाशी म्हणत होती. जा, गाढवा. फोड येऊ देत. जा.

मांस मळून झालं नव्हतं तोच दार उघडलं.

कानिओ आत आला. टोपीवर जेमतेम बोटभर बर्फ होता. तो चुलीजवळच्या आपल्या खुर्चीत बसला, सुस्कारा सोडला, आणि लहानपणापासून करायचा तसा चिखलानं माखलेला पाय बहिणीपुढे लांब केला.

"गावाबाहेरच्या लहान पुलापर्यंत गेलो होतो," तो म्हणाला. "रस्ता फार वाईट झालाय गं, ताई."

"हो ना," कार्मोझिना म्हणाली. "तुझी सात वर्षांची लेक आत्ताच गेली त्यावरून."

तो पाय तसाच पुढे धरून राहिला. बूट कुणी काढीना, तेव्हा बऱ्याच वेळानं तो स्वतः वाकला आणि नाडी सोडू लागला. ओली नाडी, गाठ घट्ट बसलेली. ती त्याला सुटेना.

कार्मोझिनानं मूठभर बडीशेप घेतली आणि मांसावर पसरली.